साखरबाईचा आवाज

तक्रार केंद्रातल्या बायकांनी तिला साखरबाई हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की साहेबसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागले. दिसायला ती चारचौघींसारखी, खरं सांगायचं तर चारचौघींपेक्षा जरा कमीच. उंची बेताची, दात किंचित पुढे, चालताना एक खांदा खाली. पण तिने तोंड उघडलं की भांडायला आलेला माणूससुद्धा खुर्ची ओढून बसायचा. हिला घडवताना देवाने सगळीकडे हात आखडता घेतला आणि उरलेलं सगळं गळ्यात ओतलं, असं तिची आई म्हणायची. सख्खी आईच असं म्हणायची, तिथे बाहेरच्यांचं काय सांगावं?

या आवाजात एकच खोट होती. त्याला रागावता येत नसे. मुलगा लहान असताना ती त्याच्यावर ओरडली की तो हसत सुटायचा, त्याला वाटायचं आई लाडात आलीय. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि दिवसाकाठी फार तर चार वाक्यं बोलायचा. त्यांचं लग्न जमलं तेही फोनवरच. त्याच्या दुकानातला फोन बंद पडला, त्याने तक्रार केली, ती हिने घेतली. फोन दुसऱ्या दिवशी सुरू झाला, तक्रारी मात्र थांबेनात. इतका धडधाकट फोन अख्ख्या शहरात नव्हता आणि इतक्या तक्रारीही दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या. शेवटी लाइनमननेच वैतागून तिला सांगितलं, की बाई, त्या माणसाचा बिघाड काही तारेत नाही.

पुढे त्यांची जुनी टेलिफोन कंपनी एका बड्या कंपनीने गिळली. नवे साहेब आले, त्यांनी एकदा साखरबाईला बोलताना ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. कागदाचे गठ्ठे ठेवायच्या खोलीला जाड पडदे लावले, घरघर येते म्हणून पंखा बंद केला आणि घामाने निथळणाऱ्या साखरबाईकडून वदवून यंत्रात भरून घेतलं: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, कृपया प्रतीक्षा करा. मग दर वर्षी काही ना काही भर पडत गेली. सणवाराच्या शुभेच्छा झाल्या, वादळाच्या सूचना झाल्या, एकदा बसवाल्यांच्या संपामुळे दुरुस्तीला उशीर होईल हेही सांगून झालं. या सगळ्याच्या बदल्यात कंपनीने तिला कंपनीचं चिन्ह असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पहिल्या दिवसापासून मागे पडायचं, म्हणून नवऱ्याने त्याचं यंत्रच बदललं. साखरबाईला मात्र मनापासून आनंद झाला होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचं काहीतरी जपून ठेवलं होतं.

तिच्या शेजारच्या खुर्चीत जी बसायची तिचं नाव आपोआपच मिरची पडलं. ती ग्राहकाला दोन वाक्यांत गप्प करायची आणि साहेबांना एका. दोघींचा डबा एक, गुपितं एक, आणि डोकेदुखीची गोळीसुद्धा दोघींत अर्धी अर्धी. साखरबाईला न येणारा राग मिरची तिच्या वतीने करायची. असं कितीतरी वर्षं सुरळीत चाललं.

मग कंपनीने फर्मान काढलं की तक्रार केंद्र ठेकेदाराकडे जाणार. ज्यांना काम हवंय त्यांनी राजीनामा द्यावा आणि ठेकेदाराकडे नव्याने अर्ज करावा. म्हणजे आपल्याच खुर्चीत बसायला आपणच रांग लावायची. युनियनने संप पुकारला. लाइनमन खांबांवरून उतरले, केबल जोडणारे खड्ड्यांतून वर आले, केंद्रातल्या बायका हेडफोन काढून बाहेर आल्या आणि फाटकासमोर मांडव पडला. युनियनचा सेक्रेटरी म्हणजे एक जुना लाइनमन, खांबावर चढून चढून पाय धनुष्यासारखे वाकलेले. त्याने छातीठोकपणे सांगितलं की आठवड्याच्या आत लोक कंपनीचं दार फोडतील.

लोकांनी काही दार फोडलं नाही. ते फोन कानाला लावून शांतपणे बसून राहिले. कारण पलीकडे साखरबाई होती. बायका मांडवात होत्या, खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि आत यंत्रातून साखरबाई सगळ्या गावाला सांगत होती की आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, आपल्या आधी दोन ग्राहक आहेत. इतक्या मायेने सांगितल्यावर कोण फोन ठेवणार? खात्री करायला म्हणून सेक्रेटरीने कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः फोन लावला, तर तासाभराने त्याला शोधायला माणूस पाठवावा लागला. तो रिसीव्हर धरून उभाच होता. म्हणाला, थांबा, नंबर लागतच आलाय.

हळूहळू मांडवातल्या नजरा साखरबाईकडे वळू लागल्या. ती बसली की सतरंजीवर तिच्या दोन्ही बाजूंना जागा राहायची. एका बाजूला मिरची येऊन धपकन बसायची, दुसरी बाजू रिकामीच. साखरबाईचंही काही चुकत नव्हतं. ती सर्वांच्या आधी यायची, सर्वांच्या शेवटी जायची. पण शंभर जणांच्या संपाला एकटी तिचीच साखर पुरून उरत होती.

तिच्यावरचा डाग पुसावा म्हणून मिरचीने एकदा तिच्या हातात कर्णा दिला, म्हणाली, दे घोषणा. साखरबाई उभी राहिली आणि तिने मुर्दाबाद म्हटलं. इतकं प्रेमळ मुर्दाबाद कुणी ऐकलं नसेल. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबून ऐकू लागले. फाटकावरचा पहारेकरी ओशाळून हसला. आणि कर्णा तोंडाशी असल्यामुळे जुन्या सवयीने तिच्या तोंडून पुढचं वाक्य निघून गेलं, की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मांडव हसून हसून लोटपोट झाला. साखरबाईही हसली, पण घरी जाऊन रडली.

अजून जोरात ओरडली असती, पण तिला ती सोय नव्हती. घशात गाठी झाल्या होत्या, आयुष्यभर बोलण्याचं ते बक्षीस. डॉक्टरांनी बजावलं होतं की आवाज चढवला तर तो कायमचा जाईल. ती कोमट पाणी प्यायची, हळू बोलायची, गळ्याला रुमाल गुंडाळायची. एखादी बाई ठेवणीतला दागिना जपते तसा तिने तो आवाज जपला होता. आणि का जपू नये? तेवढाच तर होता.

संप काही मोडत नाही म्हटल्यावर कंपनीने डोकं चालवलं. एका संध्याकाळी संपकऱ्यांच्या घरोघरी फोन वाजले. संप मिटला आहे, असं साखरबाई सांगत होती, आपण उद्यापासून कामावर या. कधीतरी बोललेल्या शब्दांचे तुकडे कापून कुणीतरी ते वाक्य शिवलं होतं. त्यातला 'संप' हा शब्द बसवाल्यांच्या वेळचा, त्या दिवशी तिला सर्दी होती. पण इतकं बारकाईने कोण ऐकतो?

मिरचीच्या घरी फोन तिच्या सासूने घेतला. सासूला साखरबाई भारी आवडायची, ही सून अशी का नाही म्हणून ती रोज हळहळायची. तिने फोनवर चांगल्या गप्पा मारल्या, तब्येत विचारली, पलीकडून धन्यवाद आलं, तेही तिला पुरलं. मिरची घरी आल्यावर सासूने निरोप दिला. मिरची काही भोळी नव्हे. तिने खात्री करायला साखरबाईच्या घरी फोन लावला, पण ती लाइन बंद पडलेली, आणि दुरुस्त करणारे संपावर. मग तिने तेच केलं जे टेलिफोनमध्ये हयात घालवलेला माणूस करतो: तक्रार केंद्राला फोन लावला. तिथेही साखरबाईच भेटली. म्हणाली, आम्ही आपल्या सेवेत आहोत. दोन ठिकाणी एकच बाई एकच सांगते म्हटल्यावर मिरचीचा विश्वास बसला. हे यंत्र आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण शेजारच्या खुर्चीतून इतकी वर्षं कानावर पडलेल्या त्या आवाजाने तिला कधी फसवलं नव्हतं.

बाकीचे आधी मांडवात जाऊन विचारू म्हणाले, ती मात्र सकाळी साखरबाईच्याही आधी येऊन फाटकातून आत गेली. आत साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला, आणि ती रिकाम्या खुर्च्या बघून माघारी वळेपर्यंत फोटो फाटकावर चिकटला होता.

बाहेर तिची वाट बघत सगळे उभे होते. फितूर, असं कुणीतरी म्हणालं. मिरची सरळ साखरबाईसमोर आली.

"तू फोन केला होतास?"

"नाही गं."

"मग कुणी केला होता?"

साखरबाईने सांगायचा प्रयत्न केला. कंपनीने जुनं बोलणं जोडून केलंय, मी तर माझ्या घरी होते, असं ती सर्वांना समजावू लागली. पण जितकं समजावावं तितकं ते त्या फोनसारखंच वाटू लागलं, तसंच गोड, तसंच शांत. मागून एक केबलवाला म्हणाला, "तक्रारीसाठी दोन दाबा." सगळे हसले. मिरची हसली नाही. तिने नुसती मान फिरवली, आणि ते साखरबाईच्या काळजाला लागलं. सेक्रेटरीने जाहीर केलं की मिरचीचं नाव युनियनमधून काढायचं की नाही याचा फैसला उद्या संध्याकाळी होईल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण चोर साखरबाईच्या गळ्यात बसला होता, त्याला पकडणार कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरबाई गळ्याचा रुमाल न बांधताच आली. कर्णा घेतला नाही. फाटकाच्या गजांना धरून तिने बेंबीच्या देठापासून ओरडायला सुरुवात केली. आधी लोक पुन्हा हसले. ती ओरडतच राहिली. पाणी दिलं ते घेतलं नाही, सावलीत बोलावलं तर आली नाही. दुपारपर्यंत आवाज फाटला, मग चिरकला, मग त्यातून नुसती हवा येऊ लागली आणि त्या हवेबरोबर भलतंच काहीतरी खरखरीत बाहेर पडू लागलं. तेव्हा हसणारे गप्प झाले. मिरचीने येऊन तिचा हात धरला.

"पुरे कर. जाईल तो कायमचा."

"जाऊ दे," साखरबाई म्हणाली, आणि ते ऐकून मिरचीला रडू कोसळलं, कारण ते कुणीतरी परकीच बाई बोलल्यासारखं होतं.

संध्याकाळी बैठकीत ती त्याच खरखरीत आवाजात चारच शब्द बोलली: आता फोन आला तर? सेक्रेटरीच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला, पण पडला. नाव काढायचा ठराव कुणी मांडलाच नाही.

कंपनीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने आपली फोनची दुसरी फेरी सुरू केली, पहिलीहून गोड. घरोघरी लोकांनी तो फोन शेजाऱ्यांना बोलावून ऐकवला. मिरचीच्या सासूने तर त्या यंत्राला चांगलंच झापलं. म्हणाली, "खोटं बोलू नकोस बाई, आमची साखरबाई आता बेडकासारखी बोलते." गावात ती गोष्ट पसरली. आणि ज्या आवाजाच्या भरवशावर लोक तासन्‌तास थांबत होते तो खोटं बोलतो म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवले आणि खरोखरच फाटकाशी आले. त्यापुढे संप फार टिकला नाही. थोडं तुझं थोडं माझं झालं, पण तक्रार केंद्र राहिलं आणि कुणालाही आपल्याच खुर्चीसाठी रांग लावावी लागली नाही.

आवाज परत आला नाही. डॉक्टरांनी आत बघितलं आणि मी सांगितलं होतं, एवढंच म्हणाले. एकदा चहाचा कप खाली ठेवताना नवऱ्याने विचारलं, "आता मी तक्रार कुठे नोंदवू?" ती जेवढं रडली तेवढं संपातही रडली नव्हती. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला.

करारात पगार होता, रजा होत्या, पाण्याचं यंत्रसुद्धा होतं. तिच्या आवाजाचं कलम घालायचं मात्र कुणालाच सुचलं नाही, सेक्रेटरीलाही नाही आणि तिला स्वतःलाही नाही. तो कंपनीची मालमत्ता, टेबलखुर्चीसारखा. म्हणून आजही तुम्ही फोन लावलात की आधी साखरबाई तुम्हाला मायेने थांबवते, आणि बऱ्याच वेळाने जी दुसरी बाई खरखरत बोलू लागते, तीही साखरबाईच.

परवा एक म्हातारे गृहस्थ असेच खूप वेळ थांबून तिच्यापर्यंत पोचले आणि तिचा आवाज ऐकून चिडले. म्हणाले, ही काय बोलायची रीत झाली? आधीच्या त्या बाई बघा, इतका वेळ बोलल्या, पण एकदाही आवाज चढवला नाही. त्यांच्याकडून काहीतरी शिका.

शेजारच्या खुर्चीत मिरची ऐकत होती. ती उत्तर द्यायला सरसावली, पण साखरबाईने तिला हाताने थांबवलं.

"त्यांना चढवताच येत नाही, काका," ती म्हणाली. "म्हणून तर कंपनीने त्यांना ठेवून घेतलंय."