दूध म्हणे उष्टं!

मंडळी, आज डोकं फिरलंय.

आमची मनू अकरा आठवडे आधीच जन्मली. मला दूध पुरेसं येत नाही, म्हणून इथे लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये तिला नळीतून डोनर मिल्क देतात. आज तिचं वजन दीड किलो झालं, म्हणून घरी शिरा केला.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एक काकू आल्या. दोन वाट्या शिरा हाणला आणि नाक मुरडून म्हणाल्या, "शी! परक्या बाईचं उष्टं दूध पाजता?"

अहो, पाश्चराइज करून बाटलीत आलेलं दूध उष्टं कसं?

वर निघताना लाडात, "उष्टावणाला पहिला घास मीच भरवणार हं!"

तो मान दूध देणाऱ्या बाईचा. तिचं नाव हॉस्पिटल सांगत नाही. काकूंचं मात्र तुम्ही सगळ्यांनी ओळखलंच असेल. उष्टावणाला बोलावू का त्यांना?