झेंडा कोण बघणार

विक टिकनर नदीकाठच्या पुटनीचा. सारी हयात होड्यांच्या डागडुजीत गेली. वर्षातून एकदा मात्र त्याला मान असे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या वल्ह्यांच्या शर्यतीच्या दिवशी नांगर टाकून उभ्या केलेल्या चपट्या होडीत पालथं पडायचं आणि झेंडा पडेपर्यंत एका नावेचं मागचं टोक धरून ठेवायचं. मान कसला, पोट भिजवायचा धंदा! पण बापाकडून आलेला, म्हणून विक दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नसे. एवढी थोर विद्यापीठं आपण सोडल्याशिवाय हलत नाहीत, हे त्याने पबमध्ये इतक्यांदा ऐकवलं होतं की लोक ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जात.

बापाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती: हाताकडे बघायचं नाही, पंचांच्या झेंड्याकडे बघायचं. हाताला आपलं काम कळतं.

गेल्या शर्यतीपासून विकच्या हाताला काहीच कळेनासं झालं होतं. गारठा लागला की बोटं मेल्यासारखी पांढरी पडत. घरी कप फुटत आणि तो कपांनाच शिव्या देई. नाव आधीच निसटली तर? सगळा देश टीव्हीवर बघणार. डॉक्टरकडे गेला नाही, कुणाला बोललाही नाही. फक्त या वर्षी त्याने मुलीला, मॅक्सीनला, सोबत घेतलं.

"पाय धरायला माणूस हवा," तो म्हणाला.

"इतकी वर्षं कोण धरत होतं?" ती म्हणाली. "तुझं पोटच नांगर होतं की!"

नदीत समुद्राची भरती जोरात चढत होती. नाव मागे सरकत आली, विकने टोक धरलं आणि प्रवाह तिला पुढे ओढू लागला. पंचांनी लाल झेंडा वर केला. तेवढ्यात त्या नावेत सुकाणूवर बसलेल्या मुलीने हात वर केला. तिची नाव वाकडी झाली होती. तिचा हात वर असेपर्यंत शर्यत सुटत नाही. नाव सरळ करायला वल्ही हलली, हात खाली आला, पुन्हा वर गेला.

"कर की सरळ एकदाची, बाई," विक पुटपुटला.

गार पाणी मनगटावरून वाहत होतं. आधी करंगळी गेली, मग बाकीची बोटं. धरलंय की सुटलंय? त्याने खाली पाहिलं. धरलेलं होतं. नजर झेंड्याकडे नेली, आणि लगेच वाटलं, सुटलं. पुन्हा खाली. तो घाबरला होता, पार गळाठला होता. हात बघावेत तर झेंडा दिसत नव्हता, झेंडा बघावा तर हात राहत नव्हते.

सुकाणूवरच्या मुलीचा हात खाली गेला तो गेलाच.

"मॅक्स," तो मान न वळवता म्हणाला. "झेंडा तू बघ."

"काय?"

"मला हात कळत नाहीत गं. झेंडा तू बघ!"

तिने त्याचा पट्टा घट्ट धरला आणि मान वर केली.

"सोड!"

विकने बोटांना सांगितलं. बोटं हलली नाहीत. आठ वल्ही एकदम पाण्यात बसली आणि तो छातीपर्यंत होडीबाहेर ओढला गेला. मॅक्सीन त्याच्या पाठीवर पडली आणि त्याच्या मनगटावर तिने मूठ हाणली, पुन्हा हाणली. टोक सुटलं. दोन्ही नावा बरोबरीने निघाल्या आणि काठावरचा ओरडा त्यांच्यामागे पळाला. इकडे कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं.

विक उताणा पडून थरथरत होता. मॅक्सीनने त्याचे हात आपल्या जाकिटात, काखेत दाबून धरले.

"कधीपासून हे?"

"गेल्या शर्यतीपासून."

"आणि बोलला नाहीस? मला काय नुसते पाय धरायला आणलंस?"

"पाय धरायला कशाला माणूस लागतो?" तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "भीती वाटली तर सांगायला कुणीतरी हवं होतं."