आईची मुलाखत

माझ्या बहिणीला अर्धांगवायू झाला तेव्हा तिचे दोन्ही मुलगे आले, डोळे पुसले आणि "बारकी आहे ना" म्हणत आपापल्या घरी चालते झाले. मेल्यांना लाज म्हणून नाही! बारकी म्हणजे शेंडेफळ, समाजकार्याची पदवी घेत होती. सकाळी आईला पुसायची, भरवायची, कूस बदलून द्यायची आणि कॉलेजला पळायची. दुपारी मी बसायचे, पण माझ्या गुडघ्यांना तो भार झेपत नसे.

शेवटच्या वर्षाला महिनाभर दिवसभराचं काम आलं, लोकांच्या घरोघरी. स्वयंपाकघरात बारकी मला हळूच म्हणाली, "मावशी, उद्याची तोंडी परीक्षा देते आणि शिक्षण थांबवते. आईला बोलू नकोस." मी चिडले, भांडले. पण घर केवढं, भिंतीपलीकडेच खाट. बहिणीने सगळं ऐकलं होतं.

परीक्षेत अडलेल्या माणसाची मुलाखत घेऊन दाखवायची होती. संध्याकाळी बारकीने त्याच्या सरावासाठी खुर्ची खाटेजवळ ओढली. त्यांच्या अभ्यासातला नियम असा, की समोरच्याला पूर्ण बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही आणि त्याचंच म्हणणं त्याला परत सांगून खात्री करायची.

"नमस्कार. तुम्हाला काय अडचण आहे?"

"अगं बाई, मला अहो-जाहो!" बहीण हसली. मग जड जिभेने म्हणाली, "ताई, मला एखाद्या संस्थेत ठेवा."

बारकीचा चेहरा उतरला. तरी वेडी नियमाला धरून बसली. "म्हणजे तुम्हाला घरातून जायचंय."

"जायचं नाही हो. पण मी इथे राहिले तर माझी मुलगी संपेल."

"आई, पुरे! सराव झाला."

"तुमचा झाला असेल, ताई."

आणि त्या घडीपासून माझ्या बहिणीने पोटच्या पोरीला परकं केलं. "ताई, पाणी देता का?" "ताई, संस्थेचं काय झालं?" मी खेकसले, "काय हा खुळेपणा!" ती माझ्याशी नीट बोलायची, बारकी आली की पुन्हा ताई. पोरीने रडून बघितलं, जेवण टाकून बघितलं. आठवड्याने तिने हात टेकले. ज्या संस्थेत आदल्या वर्षी तिचं शिकाऊ काम झालं होतं, तिथेच खाट मिळाली.

न्यायला गाडी आली. दोन माणसांनी बहिणीला उचलून आत निजवलं. बारकी गाडीच्या दाराला धरून म्हणाली, "आई, आता तरी बारके म्हण ना गं. एकदाच."

बहिणीचा चांगला हात पोरीच्या गालापर्यंत गेला आणि तिने तो मागे घेतला. मला बघवेना.

"ताई, तुम्ही घरात जा हो," ती म्हणाली. "नाहीतर मी उतरेन."

कशी उतरणार होती! बारकी मात्र मुकाट्याने घरात गेली.