घड्याळाची रिकामी जागा

आदरणीय सुदामजी ढोके यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथात असे लिहू नये, हे मला समजते. पण ज्यांचा गौरव करायचा ते स्वतः खोट्याचे इतके वैरी आहेत, की मी इथे गोडगोड काही लिहिले तर ते पान फाडून परत पाठवतील.

इतवारीत माझ्या वडिलांचे गाद्या-कुशनचे दुकान होते. वडिलांचे गुडघे धरले तेव्हापासून मशिन मी चालवत होते. एके दिवशी पांढरा स्वच्छ सदरा घातलेले एक गृहस्थ सायकलरिक्षातून एका जुन्या मोटारीची सीट घेऊन आले. कामठी रोडवर इंदोऱ्याजवळ त्यांची टिनाची शेड होती आणि तिथे ते जुन्या गाड्या नीट करत, एवढेच मला माहीत होते. मी ती सीट मन लावून शिवली. बापाचे नाव राखले, असे मला वाटले. सुदामजींनी शिवणीवरून बोट फिरवले आणि अगदी अदबीने म्हणाले, "ताई, उसवा लागते."

"काहून? कुठं वाकडं दिसलं तुमाले?"

"वाकडं कुठंच नाही, तेच तर. कंपनीनं इतकं चांगलं शिवलंच नव्हतं."

त्यांनी खिशातून जुन्या सीटचा तुकडा काढून दाखवला. कोपऱ्यावर कंपनीच्या कारागिराने टाके जरा घाईत मारले होते. त्यांना ते टाके तसेच, घाईतले, हवेत म्हणे. मी त्यांना काय काय बोलले ते इथे छापण्यासारखे नाही. ते शांतपणे ऐकत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "गाडी तुमची नाही, माझीबी नाही. जशी आली होती तशी तिले परत न्यायची आहे." मी रागारागात सगळे उसवले, पुन्हा शिवले, आणि त्या दिवसापासून आजतागायत त्यांच्या शेडमधल्या प्रत्येक गाडीची सीट माझ्याच मशिनवरून गेली आहे.

सुदामजींची काम करण्याची रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. गाडीचा मूळ रंग ते कोणाला विचारून ठरवत नाहीत. स्टेपनीच्या खाली किंवा दाराच्या पट्टीमागे, जिथे ऊन आणि पुसायचा ओला पोचारा पोचलेला नसतो, तिथे तो रंग ते शोधतात. कंपनीने चपट्या खाचेचा स्क्रू लावला असेल, तर फुलीचा स्क्रू त्यांच्या शेडमध्ये चोरासारखा पकडला जातो. डॅशबोर्डच्या मागे कंपनीने रंगच दिला नव्हता, म्हणून तिथे तेही देत नाहीत. "कोणाले दिसते?" असे कोणी म्हटले, तर ते त्या माणसाकडे असे पाहतात, की पुढचे वाक्य त्याच्या घशातच राहते.

त्यांचा जिव्हाळाही असाच आहे. माझ्या मशिनचे चाक तडकले, तेव्हा ते स्वतः घेऊन गेले, जोडून आणले, आणि मशिनवर पुसट झालेली सोनेरी फुलेही ब्रशने पुन्हा काढून दिली. मी ती मागितली नव्हती. दसऱ्याला, दीक्षेच्या दिवशी, खेड्यापाड्यांतून माणसे नागपुरात येतात, तेव्हा त्यांच्या शेडमधल्या गाड्या बाहेर असतात आणि पाहुणे आत. त्या दिवशी सुदामजी हातात पाना धरत नाहीत, वाढायचा चमचा धरतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती सांगते.

धरमपेठेतले पांढरीपांडे साहेब जंगल खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांची एक हिरवी विलायती गाडी होती. लग्नानंतर त्यांच्या पत्नी इंदूबाई पहिल्यांदा रेल्वेने नागपूरला आल्या, तेव्हा साहेब त्यांना घ्यायला त्याच गाडीतून, नव्याकोऱ्या, स्टेशनवर गेले होते. पुढे गाडीने जंगलाचे रस्ते खाल्ले, मग ती आवारात पडून राहिली. पत्नी वारल्यावर साहेबांनी ती सुदामजींकडे पाठवली. "त्या दिवशी होती तशी करून द्या. मला एकदा तिच्यात बसायचं आहे," एवढेच त्यांचे मागणे होते.

काम सुरू झाले, पण जशी होती तशी म्हणजे किती वेळ लागतो, हे साहेबांना ठाऊक नव्हते. सीटचे कातडे मिळेना. डॅशबोर्डातले गोल घड्याळ कोणीतरी केव्हाच काढून नेले होते आणि तिथे नुसते भोक होते. साहेब रोज संध्याकाळी काठी टेकत शेडवर येत, खुर्चीवर बसत आणि गाडीकडे पाहत. एक दिवस ते आले नाहीत. त्यांची मुलगी नलूताई आली. डॉक्टरांनी सांगितले होते, बाबांचे हृदय थकले आहे, फार दिवस धरू नका. "कोणतीही सीट लावा, सुदामजी," असे म्हणताना तिला रडू आवरेना.

मी तिथेच होते. म्हटले, माझ्याकडे हिरवे रेग्झिन आहे, परवापर्यंत शिवून देते. सुदामजी म्हणाले, "नाही ताई. ते रेग्झिन त्या गाडीचं नव्हे."

तेव्हा माझा तोल सुटला. "गाडी खरी होईन हो तुमची! पण तिच्यात बसणारा राहीन का? का मंग तुमचा तो स्क्रू बसवान सीटवर?"

त्यांनी घासलेटने हात धुतले, पुसले आणि घरी निघून गेले. मीही ठरवून टाकले, की या माणसाची सीट आता शिवायची नाही.

सकाळी माझी शिवणाची कात्री परत आणायला शेडवर गेले, तर गाडी बाहेर रस्त्यावर उभी. अंगावर ठिकठिकाणी लाल प्रायमर, हिरवा रंग नाहीच. ज्या शेडमधून एक चुकीचा स्क्रू कधी बाहेर गेला नाही, तिथून ही असली गाडी निघाली होती. आत साहेबांच्या जागी सीटची नुसती स्प्रिंगांची चौकट, आणि तिच्यावर सुदामजींच्या घरची जाड गोधडी घडी करून बांधलेली. स्वतःसाठी लाकडी खोका. अंगात इस्त्रीचा सदरा.

"अपुरी चालते, ताई," ते म्हणाले, "खोटी नाही चालत. बसा मांगं."

मागे सीटच नव्हती, मी तिथे अंथरलेल्या पोत्यावर बसले. धरमपेठेत नलूताई माझ्या शेजारी पोत्यावर बसली आणि साहेबांना आम्ही सगळ्यांनी हाताला धरून गोधडीवर बसवले. सुदामजींनी गाडी सरळ स्टेशनवर नेली, तिथे वळवली आणि मग साहेबांना त्याच जुन्या रस्त्याने, सीताबर्डीवरून, घराकडे आणू लागले. बर्डीवर लोक थांबून आमची वरात पाहत होते.

गिअर बदलताना गाडी कुरकुरली. साहेब दचकले. "ही कुरकुर अजून आहे?"

"कंपनीचीच आहे, साहेब. ठेवली."

साहेब हसले. इतके हसले, की नलूताई घाबरली. "इंदू पहिल्याच दिवशी म्हणाली होती, तुमची नवी गाडी तर सासूसारखी कुरकुरते." मग त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला आणि बोटे त्या भोकावर थांबली. "इथं घड्याळ होतं."

"शोधून राहिलो, साहेब."

"सापडेल. घाई करू नका."

साहेब त्याच पावसाळ्यात गेले. गाडी पुढे पूर्ण झाली, योग्य कातड्याच्या सीटा मीच शिवल्या, कोपऱ्यावरचे टाके घाईत मारून. आज नलूताई ती चालवत कॉलेजात शिकवायला जाते. मी त्या दिवशी भांडले नसते तर गाडी बाहेर निघाली असती का, हे मी सुदामजींना अनेकदा विचारले आहे. ते उत्तर देत नाहीत. मला उत्तर माहीत आहे आणि मला ते आवडते.

डॅशबोर्डातले ते भोक अजून तसेच आहे. लोकांनी किती घड्याळे आणून दिली. एक तर मुंबईहून आले, हुबेहूब. पण त्याच्या आकड्यांचा रंग वेगळा होता. सुदामजींनी चहा पाजून ते परत केले.

सुदामजी, आपण साठ वर्षांचे झालात. लोक आपणास शंभर वर्षांचे आयुष्य चिंततील, तेही मला मान्य आहे. आपली प्रकृती ठणठणीत राहो, डोळ्यांना बारीक टाका दिसत राहो. मी मात्र एवढेच मागते, की ते घड्याळ सापडो, पण आपण दोघे अगदी म्हातारे झाल्यावर सापडो. साहेबांनी आपल्याला घाई करू नका म्हणून सांगितले आहे, आणि मोठ्यांचा शब्द आपण कधी मोडलेला नाही.