शेंगावाल्याचा आवाज

ओहायोतल्या बेसबॉलच्या मैदानात वॉल्टर प्रुइट भाजक्या शेंगा विकायचा. लांबच्या गिऱ्हाइकाच्याही हातात पुडी नेमकी फेकायचा. तिथल्या क्लबचा जुना खेळाडू ऑर्टेगा याचा करार संपत आला, तेव्हा ‘‘ऑर्टेगाला सोडू नका!’’ असा घोशा लावणाऱ्यांत तोच पुढे होता. क्लबनं ऑर्टेगाला चाळिशीपर्यंतचा महागडा करार दिला. एके दिवशी ऑर्टेगाच्या हातून झेल सुटला, तेव्हा ‘‘फुकटखाऊ, घरी जा!’’ हेही वॉल्टरच ओरडला.

मग त्यानं फेकलेली पुडी अर्ध्यातच कुंपणापलीकडे, मैदानात पडली.

‘‘असू दे रे म्हाताऱ्या!’’ गिऱ्हाईक हसलं.

ऑर्टेगानं गुडघा धरत वाकून पुडी उचलली आणि कुंपणापाशी आणून दिली.

‘‘खांदा गेला का, वॉल्टर? माझा तर गुडघाही गेलाय. तुमचा आवाज मात्र अजून खणखणीत आहे हं.’’

त्या दिवशी वॉल्टरच्या तोंडून ‘शेंगा’ एवढंही पुन्हा फुटलं नाही.