अण्णांनी चाखलेलं पाणी

अण्णा गेल्याचा त्यांच्या मुलीचा, रेखाचा, फोन आला तेव्हा मी कुर्डुवाडीच्या नव्या घराच्या अंगणात मोगऱ्यासाठी खड्डा खणत होतो. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्यायचा, काळ्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. फोन ठेवला आणि पुन्हा खणत राहिलो. दुसरं काही सुचलंच नाही...

टेंभुर्णी रस्त्यावर अण्णांची रोपवाटिका. तिथं गेलं की पहिला प्रश्न, घरचं पाणी आणलंय का? आमच्याकडं बोअरचं पाणी बहुतेक खारं. अण्णा बाटलीतला घोट तोंडात घोळवून बाजूला थुंकायचे आणि मग ठरवायचे, याला कण्हेर, त्याला बोगनवेल, पाणी गोडं असेल त्याला गुलाब. बाटलीवर गिऱ्हाइकाचं नाव घालून ती फळीवर ठेवून द्यायचे. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा पहिल्यांदा गेलो तो बाटलीशिवाय, आणि तेही भर वैशाखात गुलाबाची कलमं मागायला. त्यांनी दिली नाहीत. मी हट्टानं दुसरीकडून आणली, महिन्यात त्यांच्या काटक्या झाल्या, आणि त्या काटक्या घेऊन भांडायला मात्र अण्णांकडंच गेलो. त्यांनी चहा पाजला. तिथून आमची मैत्री झाली.

मग दर रविवारी माझी शिकवणी असायची. शेवंतीचे शेंडे कधी खुडायचे, मोगरा थंडी सरताना छाटून त्याचं पाणी कसं तोडायचं. त्याला ते ताण देणं म्हणत. ताण दिल्याशिवाय बहर नाही. मी रोज दोन वेळा बादल्या ओतणारा माणूस, माझ्यावर त्यांचा फार राग. "तहानेनं झाडं मरत न्हाईत मास्तर, लोकं पानी पाजून मारत्यात," असं म्हणायचे. मातीत बोट घाला, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी द्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी सोलापूरच्या खेपा सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं. तरी लोकांच्या बाटल्या चाखणं त्यांनी सोडलं नाही. मला ती त्यांची कामावरची निष्ठा वाटायची. एवढी पुस्तकं शिकवली, पण तहानलेला माणूस समोर बसलेला मला ओळखता आला नाही.

शेवटचा भेटलो तो उन्हाळ्यात, दुपारी. हिरव्या जाळीखाली खाटेवर पडून होते. मी नव्या घरचं पाणी घेऊन गेलो होतो. त्यांनी घोट घेतला, घोळवला... आणि थुंकलेच नाहीत. डोळे मिटून गटागटा प्यायला लागले. मी झडप घालून बाटली हिसकावून घेतली. पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. वर शहाणपणानं म्हणालो, "तुमीच म्हनता की, पान्यानं मरत्यात म्हनून."

बाटली मी खाटेखाली ठेवली. ते ओला सदरा चाचपत राहिले. मी निघताना म्हणाले, "मोगरा लावा. पाऊस बसल्यावर न्या."

त्यानंतर चारच दिवस ते होते. मी बरोबर वागलो असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. निदान ते वाक्य तरी बोलायला नको होतं.

पाऊस सुरू झाल्यावर रोप आणायला गेलो. रेखानं मोगऱ्याबरोबर माझी ती बाटली पुढं केली. माझं नाव त्यांच्याच वेड्यावाकड्या अक्षरात होतं. पाणी होतं तेवढंच, अर्धं.

"ओतू दिलं न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "उशाला ठिवली हुती. मास्तरचं पानी लई ग्वाड हाय म्हनायचे."

मोगरा लावलाय. रोज सकाळी मातीत बोट घालतो, दोन पेरं कोरडी लागली की नळाचं पाणी देतो. ती अर्धी बाटली ओट्यावर आहे. ती ओतायला हात होत नाही.