सोलापूरसाठी राखलेला गुडघा

काल सकाळी क्लबच्या लाल मातीच्या कोर्टावर माझी थोरली बहीण, सुमनताई, वाकून तळहाताने माती दाबून पाहत होती. एके काळी ती राज्याची टेनिस विजेती होती. आता साठी उलटली, तरी ज्येष्ठांच्या स्पर्धा खेळते.

"यंदा नाशिकला नाही जात," ती मला म्हणाली. "कोल्हापूरही सोडते. मातीवर रॅली लांबतात गं. गुडघा एकदाच साथ देईल, तो सोलापूरसाठी राखते."

बाकावर बसलेले क्लबचे सेक्रेटरी हसले. "ताई, दोन सोडतच आहात, तर तिसरीही सोडा की! आता नातवंडं खेळवायची."

माझं डोकंच फिरलं. हे गृहस्थ ताईच्याच वयाचे. क्लबच्या दर निवडणुकीत खुर्चीसाठी उभे राहतात, तेव्हा त्यांना कुणी नातवंडांची आठवण करून देत नाही. बाई जरा जपून खेळू लागली, की ती संपली असं यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. अरे, जिची जिंकायची आशा संपली, ती गुडघा राखेल कशाला?

मी तोंड उघडणार, तोच ताईने रॅकेट उचलली. "साहेब, उठा. एक गेम होऊन जाऊ दे."

साहेबांना एकदम कुणाला तरी फोन करायचं आठवलं.

ताईने रिकाम्या कोर्टात सर्व्हिस अशी हाणली, की फोनवर बोलता बोलता त्यांनी मान आत ओढली. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही.